निळ्याखालच्या होड्या

गवंड्याने बोटाच्या पेराने भिंत वाजवली. खालून वर, वीतभर अंतराने, डॉक्टर पाठीवर वाजवतो तशी. गुडघ्यापर्यंत आवाज बद्द आला. कमरेपर्यंतही बद्दच. खांद्याच्या उंचीला त्याने कान लावला, पुन्हा वाजवलं आणि मान हलवली.

"वहिनी, ही गेलीय," तो म्हणाला. "गिलावा सवयीनं उभा आहे नुसता. आत मीठ साचलंय. पाणी खालून चढतंय. सगळा उतरवावा लागेल."

"छातीपर्यंत म्हणाला होतात," माझी लेक म्हणाली.

"छातीपर्यंत म्हणालो तेव्हा छातीपर्यंतच पाहिलं होतं, ताई."

आमचं घर तीन खोल्यांचं. मागचं दार उघडलं की बंधारा आणि बंधाऱ्याला लागून पाणी. दुरुस्ती लेकीने काढली होती. ती शहरात राहते, तिला सगळं मोजून-मापून लागतं, आणि बापाचा खोकला तिला फोनवरून ऐकवत नव्हता. दोन खोल्या झाल्या होत्या. स्वयंपाकघरात नवी फरशी आली, मागच्या खोलीत खिडकी मोठी झाली. राहिली होती ती पुढची खोली, आणि पुढच्या खोलीतली ही भिंत. तिच्यासमोर ह्यांची खुर्ची.

हे होड्या रंगवायचे. धक्क्यावरच्या जवळजवळ प्रत्येक होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेवर लिहिलेलं नाव ह्यांच्या हातचं. नाव लिहून झालं की डब्यात उरलेला रंग घेऊन घरी यायचे आणि तीच होडी भिंतीवर काढायचे, तळहाताएवढी. रंग तेच, उतार तोच, शीड असेल तर शीड. नाव मात्र भिंतीवर कधी लिहिलं नाही. "ओळखता येत नसेल तर काढली कशाला," म्हणायचे. चौतीस वर्षांत दोनशेच्या वर होड्या झाल्या. छताला टेकल्या तेव्हा मधल्या फटींत काढू लागले.

एखादी होडी बुडाली, फुटली, परत आली नाही, की हे एका वाडग्यात चुना घ्यायचे, त्यात कपड्यांना घालायची नीळ कालवायचे, आणि त्या होडीवरून निळा हात फिरवायचे. तेवढ्याच जागेवर. मग वाडगा धुऊन ठेवायचे. बोलायचे काही नाहीत. धक्क्यावरच्या सगळ्यांना हे ठाऊक होतं. बातमी घेऊन कोणी दारात आलं तर हे त्याला बसा म्हणायच्या आधी वाडगा शोधायला जायचे. बाहेरच्या कोणाला आम्ही हे कधी सांगितलं नाही. लपवायचं म्हणून नाही. आपल्या घराचं दार आत उघडतं की बाहेर, हे तरी कोण कोणाला सांगतं?

भिंतीवर एकोणीस निळे डाग होते. एकोणिसावा आमच्या मुलाचा.

त्याला आता बारा वर्षं झाली. नवव्या दिवशी शोध थांबवला आणि त्याच दुपारी ह्यांनी वाडगा काढला. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. एकदाच हात फिरवला, थांबले नाहीत, मागे वळून पाहिलं नाही. मी अजून रोज त्याचंही ताट मांडत होते, आणि ह्यांनी पोराला पाण्यात सोडून दिलं, असं मला वाटलं. महिन्याभरात मी माझ्या बहिणीकडे गेले. पाच महिने राहिले. परत आले तेव्हा डाग तिथेच होता. आम्ही त्याबद्दल कधी बोललो नाही. मी स्वयंपाक केला, हे जेवले. तिकडून परतल्यापासून मी सकाळी उठल्यापासून मध्यान्हीच्या प्रार्थनेपर्यंत मौन धरते. लोकांना वाटतं भक्ती आहे. आहेही. पण सकाळी बोलायचं नसलं की ह्यांच्याशी बोलायचे तास कमी होतात, हेही होतं.

दीड वर्षापूर्वी ह्यांची उजवी बाजू गेली. हात गेला, त्याबरोबर शब्द गेले. दोन राहिले, "हं" आणि "नको". तेव्हापासून हे सकाळी चाकांच्या खुर्चीत बसतात ते संध्याकाळपर्यंत भिंतीकडे बघतात. बाकी कशाकडे नाही. टीव्ही लावला तर डोळे मिटतात. म्हणून मला ती भिंत हवी होती. मला स्वतःला तिचं काही नव्हतं. पण त्या माणसाजवळ आता तेवढंच होतं, आणि ते काढून घेणारा हात माझा असायला नको होता.

"फोटो काढून ठेवू ना, आई," लेक म्हणाली. "मोठा करून लावू."

"फोटोकडे बघत नाहीत ते."

"मग काय, भिंत अंगावर पडेपर्यंत बसायचं?"

गवंड्याने घमेल्यात थापी आपटली. त्याला दुसऱ्या कामावर जायचं होतं. "सोमवारपर्यंत काय ते ठरवा. त्याच्यापुढं मी मोकळा नाही. मग नंतर मला बोल लावू नका, गवंडी गायब झाला म्हणून."

तोडगा लेकीनेच काढला. शहरातल्या संग्रहालयाचं एक खातं जुनी घरं, जुनी चित्रं यांची यादी करतं, असं तिला कळलं. यादीत नाव चढलं की गिलावा उतरवत नाहीत. मागून पोकळीत चुना भरतात, मीठ ओढून घेतात, सावकाश. तिने पत्र लिहिलं, फोटो पाठवले, आणि शनिवारी उत्तर आलं. चित्रं साफ करून जपणारी एक बाई सोमवारी येईल, गुरुवारी दुपारी समिती पाहायला येईल. गवंड्याला आठवडाभर थांबवलं. तो थांबला, पण तोंड फुगवून.

सोमवारी सकाळी ती बाई आली. लेकीच्याच वयाची, कपाळावर दिवा बांधलेली, पेटीत कापूस, काड्या, छोट्या बाटल्या. बोलणं मऊ. चपला बाहेर काढल्या, ह्यांच्यासमोर वाकून म्हणाली, "काका, किती सुंदर काम आहे हो तुमचं." हे म्हणाले, "हं." मग ती भिंतीपाशी गेली आणि बराच वेळ नुसती बघत राहिली. मला ती आवडली.

लेक गाडी काढायला गेली होती. सोमवारी ह्यांना व्यायामाला न्यायचं असतं, हाताच्या आणि जिभेच्या. मी ह्यांना स्वेटर घालत होते.

"मावशी," तिने विचारलं, "हे निळं वरून नंतर दिलंय ना? खाली होड्या आहेत असं दिसतंय. रंग वेगळा आहे, हा पाण्याचा आहे."

साडेनऊ वाजले होते. मी मान हलवली. हो, नंतर दिलंय.

"मला वाटलंच," ती म्हणाली.

एवढंच. तिने विचारलं ते खरं होतं आणि मी उत्तर दिलं तेही खरं. बोलता आलं असतं तर पुढचं वाक्य सांगितलं असतं का, हे मी त्यानंतर पुष्कळदा स्वतःला विचारलं. कदाचित नसतंही सांगितलं.

आम्ही परत आलो तेव्हा तीन वाजले होते. लेकीने खुर्ची उंबऱ्यावरून आत घेतली आणि थांबली. भिंतीवर निळं काही नव्हतं. एकोणीसच्या एकोणीस होड्या वर आल्या होत्या. तेलाचा रंग, त्याला काही झालं नव्हतं. उलट इतकी वर्षं झाकलेल्या म्हणून बाकीच्यांपेक्षा त्याच ताज्या. मळलेल्या भिंतीवर एकोणीस धुतलेल्या होड्या.

"पाहिलंत?" बाई पुढे आली. तिचे गाल लाल झाले होते. "ओला कापूस फिरवला तरी निघत होतं. खाली सगळं शाबूत! समिती वेडी होईल."

मुलाची होडी खिडकीच्या डाव्या बाजूला होती. पिवळी, कडेला हिरवी पट्टी. त्याने ती पट्टी स्वतः हट्टाने मारून घेतली होती, बापाला आवडत नसताना. पट्टी मी विसरले होते. मी उभी राहिले आणि काहीतरी वाटायची वाट पाहिली. पाय दुखत होते. ते जाणवलं.

"दादाची," लेक म्हणाली. आणि मग त्या बाईकडे वळून, दात आवळून, "तुम्हाला कोणी सांगितलं होतं पुसायला?"

बाई माझ्याकडे बघू लागली. मी म्हटलं, "मी मान हलवली होती."

 ह्यांचा डावा हात खुर्चीच्या चाकावर गेला. एका हाताने चाक फिरवलं तर खुर्ची गोल फिरते, पुढे जात नाही. हे फिरत राहिले, भिंतीला पाठ होईपर्यंत.

त्या संध्याकाळी हे जेवले नाहीत. मऊ भात केला, चमचा ओठाला लावला. "नको." दुसऱ्या दिवशी सकाळी दूध, "नको." खुर्ची भिंतीकडे वळवली की परत फिरवायचे. दाराकडे तोंड करून बसायचे, आणि दारातून लोक यायला लागले.

बातमी कशी पसरली देव जाणे. गवंड्याने सांगितलं असणार, पण तो कधी कबूल करणार नाही. सगळ्यांत आधी नावाडीण आली. तिचा नवरा पलीकडे माणसं नेण्या-आणण्याची नाव चालवायचा. नाव आणि नवरा एकाच दिवशी गेले, त्याला वीस वर्षं झाली. ती माझ्यापेक्षा थोडी मोठी, जिभेची तिखट, आणि गुडघ्यांमुळे चालताना सगळ्या रस्त्याला शिव्या देणारी. ती आत आली, चष्मा पुसला, आणि भिंतीवर नाक टेकेल इतकी जवळ गेली.

"मेल्याने सुकाणूला लाल फडकं बांधलेलं, तेसुद्धा काढलंय," ती म्हणाली. "अगं, ते फडकं माझ्या ओढणीचं होतं. मी भांडले होते त्यावरून." मग हसली, मोठ्याने. हसता हसता खाली बसली आणि म्हणाली, "चहा दे बाई. साखर घाल. आज घाल."

आणखी लोक आले. कोणाच्या काकाची, कोणाच्या भावाची. गवंडी स्वतः मंगळवारी टोपी हातात घेऊन आला आणि एका छोट्या काळ्या होडीसमोर उभा राहिला. त्याच्या वडिलांची. "ह्याला मी हात लावणार नाही, वहिनी," म्हणाला. "दुसरा गवंडी बघा."

"काल तर घाई होती," लेक म्हणाली.

"काल ही निळी होती ना, ताई."

ह्या सगळ्यांत हे दाराकडे तोंड करून बसलेले. लोक ह्यांच्या खांद्याला हात लावून जायचे, बोटांना धरायचे, कोणी पाया पडलं. ह्यांनी कोणाकडे बघितलं नाही. मंगळवार रात्रीपर्यंत पोटात दोन घोट पाणी. डॉक्टरांना फोन केला तर म्हणाले, उद्यापर्यंत पाहू, नाहीतर नळी घालावी लागेल.

बुधवारी दुपारी बाई पुन्हा आली. तोवर तिला नावाडिणीने निळ्याचा अर्थ सांगितला होता, नुसता नाही, फटकारून. ती स्वयंपाकघरात माझ्यासमोर बसली.

"मावशी, मी अर्धं चित्र पुसलं. मी तसं लिहून देणार आहे समितीला. माझी चूक आहे."

"तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं."

"विचारायला हवं होतं, दुपारपर्यंत थांबून." तिने पाण्याचा पेला फिरवला. "एक गोष्ट आहे. सांगू की नको, कळत नाही. पिवळ्या होडीबद्दल."

"सांगा."

"बाकी सगळ्यांवर निळ्याचा एकच थर होता. पिवळीवर दोन होते. खालचा कोणीतरी पुसलेला, ओल्या फडक्यानं. रंगाच्या खाचांत तेवढा राहिलाय. त्यावर काजळी. आणि काजळीवर पुन्हा निळा." तिने मान खाली घातली. "म्हणजे एकदा झाकली, मग उघडली. मग ती उघडीच होती, तेलाच्या दिव्यासमोर, चार-पाच महिने तरी. एवढी काजळी आठवड्या-दोन आठवड्यांत बसत नाही. आणि मग परत झाकली."

 बाहेर गवंड्याची शिडी कोणीतरी ओढत नेत होतं.

"पाच महिने," मी म्हटलं. "मी बहिणीकडे होते."

तिने आणखी खोदून विचारलं नाही. मला तिचा हा गुण आवडला.

मी विचार केला, हा माणूस पाच महिने त्या खोलीत दिवा लावून एकटा बसला होता, आणि ती पिवळी होडी समोर होती. मग माझं पत्र गेलं असेल, अमुक दिवशी येते. आणि ह्यांनी वाडगा काढला. मी येण्याआधी. मला पाहावं लागू नये म्हणून, की स्वतःचं पाहून संपलं म्हणून, ते मला कळणार नाही. विचारता येईल, पण उत्तराला दोनच शब्द आहेत.

मला रडू यायला हवं होतं. मी ओटा पुसला. दोनदा पुसला.

"आता नवा निळा दिला तर?" मी विचारलं.

बाईने लगेच मान हलवली. "गुरुवारपर्यंत काही करू नका. समिती फक्त काकांच्या हातचं काम धरते. दुसऱ्या कोणाचा हात लागला असं दिसलं तर यादीत घेणार नाहीत. आणि काकांचा हात तर..." तिने वाक्य सोडलं.

"आणि यादीत नाही घेतलं तर गवंडी."

"हो."

गुरुवारी मी पहाटे उठले. प्रार्थना केली, माळ संपवली. उजेड झाल्यावर वाडगा काढला. चुना होता, गवंड्याच्या पोत्यातला, भिजवलेला. नीळ मी कपड्यांसाठी आणते ती. ह्यांची खुर्ची वळवली नाही, वाडगाच घेऊन ह्यांच्यासमोर जमिनीवर बसले. माझं मौन होतं आणि ह्यांचंही. मी चिमूटभर नीळ टाकली, ढवळलं, वाडगा वर धरला. ह्यांनी पाहिलं. डाव्या हाताचं एक बोट हललं. अजून. मी अजून टाकली. बोट पुन्हा हललं. तिसऱ्यांदा हललं नाही. बोट वाडग्याच्या कडेवर ठेवून हे थोडा वेळ तसेच राहिले. मग खुर्चीच्या चाकावर हात ठेवला आणि फिरायला लागले. मी मदत केली नाही. हे स्वतःच भिंतीकडे वळले.

मी बाकीच्या अठरांना हात लावला नाही. त्या आता माझ्या नव्हत्या, लोकांच्या झाल्या होत्या. पिवळी तेवढी झाकली. ह्यांच्यासारखा एका हातात जमला नाही, मला तीनदा फिरवावा लागला. हिरवी पट्टी शेवटी गेली. वाडगा धुऊन ठेवला. मग मऊ भात आणला आणि चमचा ओठाशी नेला. हे जेवले. सात चमचे.

लेक आंघोळ करून आली, तिने भिंत पाहिली आणि टॉवेल खाली टाकला.

"आई! आज समिती येतेय! आजच?"

मी बोलू शकत नव्हते. ती बोलत होती.

"बारा वर्षं मी ह्या घरात आले की त्या डागाकडे पाठ करून बसते. माहितीये तुला? तीन दिवस झाले, पहिल्यांदा तोंड करून बसले. तुम्ही दोघं ठरवता. तेव्हाही तुम्हीच ठरवलंत. मला कोणी विचारलं?"

तिचं खरं होतं. तिला कोणी विचारलं नव्हतं. बारा वाजले, प्रार्थना झाली, मी तिच्याजवळ जाऊन बसले. "बाबा जेवले," मी म्हटलं. ती म्हणाली, "हो, दिसलं मला," आणि भिंतीकडे पाठ केली.

समितीत तीन माणसं होती. अध्यक्ष म्हातारे, दोरीला चष्मा लावलेले, सज्जन. त्यांनी प्रत्येक होडी पाहिली, बाईने दिलेला कागद वाचला, पुन्हा पाहिली. नावाडीण आणि गवंडी दारात उभे होते, त्यांना कोणी बोलावलं नव्हतं.

"असं काम मी माझ्या उभ्या आयुष्यात पाहिलं नाही," अध्यक्ष म्हणाले. "निळ्याबद्दल वाचलं. जे पुसलं गेलं ते आता आम्हाला यादीत घेता येत नाही. वाईट वाटतं. जे भिंतीवर आहे ते घेता येतं." त्यांनी खिडकीकडे बोट केलं. "पण दुसऱ्या हाताचं काम असेल तर अख्खी भिंतच बाद होते. हे आज सकाळचं आहे ना?"

"हो. मी केलं," मी म्हटलं.

"ओलं आहे अजून. हे पुसलं तर माझी काही हरकत नाही. कागद आजच करू. पुढच्या महिन्यात आमची माणसं येऊन भिंत भरतील." त्यांचा आवाज फार मऊ होता. "दहा मिनिटांचं काम आहे, आई. हातभर जागा."

 बाईने पेटी उघडली, कापूस काढला, आणि माझ्याकडे न बघता एक पाऊल पुढे टाकलं. ती खुर्चीजवळून जात असताना ह्यांनी डाव्या हाताने तिची बाही धरली. घट्ट धरली. "नको," हे म्हणाले.

"काका..." ती म्हणाली.

"नको."

सगळे माझ्याकडे वळले. भिंत राहावी, हे मी आठवडाभर मागत होते. दोनशे होड्या होत्या तिच्यावर. मी माझ्या मनात शोधलं आणि मला तिथे मोठं काही सापडलं नाही. एवढंच सापडलं की हे माझ्याशिवाय पाच महिने बसले होते आणि निर्णय करून उठले होते, आणि तो निर्णय मी एकदा पुसला होता. मान हलवून.

"राहू द्या," मी म्हटलं. "पुसू नका."

"मग आमचा नाइलाज आहे."

"हो."

अध्यक्षांनी चष्मा काढला. ह्यांना नमस्कार केला, मला केला. बाई रडत होती, पेटी बंद होत नव्हती तिला. नावाडीण मात्र दारातून हलली नाही.

"तुझ्या एकासाठी आमचे अठरा?" ती म्हणाली. आवाज चढवला नाही तिने, तेच वाईट होतं. "वीस वर्षांनी मला तो दिसला, तर तीन दिवस. तुझं काळीज कशाचं आहे गं?"

"माहीत नाही," मी म्हटलं. खरंच माहीत नव्हतं.

सोमवारी गवंडी आला. दुसरा गवंडी बघा म्हणाला होता, पण आला तोच. टोपी कपाळावर ओढलेली, कोणाकडे न बघता. आधी त्याने वडिलांच्या काळ्या होडीभोवती छिन्नीने चौकोन पाडला आणि गिलावा अलगद सोडवायला गेला. हातात आला तो भुगा. मिठाने आतून खाल्लेला. तो तसाच उकिडवा बसला थोडा वेळ. मग लाल फडक्याच्या नावेपाशी गेला. ती जागा जरा कोरडी होती. वरून सरसाने कापड डकवलं, दुपारपर्यंत थांबला आणि विटेएवढा एक तुकडा सुटा निघाला. गोणपाटात गुंडाळून तो स्वतः नावाडिणीकडे देऊन आला. ती काय म्हणाली ते त्याने सांगितलं नाही. मी विचारलं नाही.

"तुमचाही बघू का, वहिनी?" परत येऊन म्हणाला. "खिडकीजवळ ओल कमी आहे. निघेल."

लेक दारात होती. तिने माझ्याकडे पाहिलं. ह्यावेळी मी तिला विचारलं, "तुला हवाय?"

तिने खिडकीकडे पाहिलं. "निळ्यासकट?"

"निळ्यासकट."

"नको," ती म्हणाली. मग स्वतःच्याच शब्दाकडे दचकून पाहावं तसं बापाकडे पाहिलं, आणि आत जाऊन ह्यांचं पांघरूण घेऊन आली, धूळ उडेल म्हणून.

गिलावा मोठ्या पापुद्र्यांत उतरला. आवाज फार झाला नाही. मी घमेली भरून अंगणात नेत राहिले. होड्या कुठल्या, कुठे कोणती, ते पहिल्या दोन-तीन घमेल्यांनंतर कळेनासं झालं. माझं कंबरडं मोडलं होतं आणि तेवढंच जाणवत होतं. संध्याकाळपर्यंत भिंत नुसती दगडांची राहिली, खालच्या बाजूला काळपट ओली. हे समोर बसून होते. खुर्ची फिरवली नाही. दगडांकडे बघत होते, होड्यांकडे बघायचे तसेच.

गवंड्याने तळहात दगडावर ठेवला.

"तीन महिने लागतील वाळायला," तो म्हणाला. "त्याच्याआधी हिला काही लावू नका. चुना नाही, रंग नाही. खिडकी उघडी ठेवा."

"ठेवते," मी म्हटलं, आणि ह्यांना भात भरवायला बसले.